सदाफुली, नरक्या आणि समुद्रांतील स्पंज

नाशिक शहरांत ज्याच्या अंगणांत सदाफुलीचें रोप नाहीं असें घर शोधूं लागल्यास बरेंच हिंडावें लागेल. पंचवटींतील जुन्या वाड्यांच्या चौकांत, गंगापूर रोडवरील बंगल्यांच्या कुंपणाशीं, सातपूरच्या कामगारांच्या खोल्यांपुढें रिकाम्या तेलाच्या डब्यांत, सर्वत्र हें पांच पाकळ्यांचें फूल बारा महिने फुललेलें असतें. देवास वाहण्यास तें चालतें, गाईबकऱ्या त्यास तोंड लावीत नाहींत, आणि पाणी घालण्यास चार दिवस विसरलें तरी तें रुसत नाहीं. एवढ्याच गुणांसाठीं आपण त्यास ओळखतों. परंतु रक्ताच्या कर्करोगानें आजारी पडलेल्या बालकांस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत जीं औषधें शिरेंतून देतात, त्यांपैकीं एक प्रमुख औषध याच रोपाच्या पानांतून निघालें आहे, हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

अशी गोष्ट सांगितली कीं ऐकणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "पाहा, आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें, परकीयांनीं तेंच नेऊन बाटल्यांत भरलें." दुसरा म्हणतो, "झाडपाल्याचें हें खूळ पुरे झालें. शिकलेल्या माणसानें दवाखान्यांत जावें व गोळी घ्यावी." पालकांच्या बैठकींत हीं दोन्हीं मतें आम्हीं पुष्कळ वेळां ऐकलीं आहेत, आणि दोहोंमध्यें आम्हांस एकच दोष दिसतो. दोहोंसही तपासण्याचे श्रम नकोत. पहिल्यास तपासणी हा पूर्वजांचा अपमान वाटतो, दुसऱ्यास तो वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांस जुनें औषध हा एक चांगला प्रश्न वाटतो. तो कोणी तरी अनुभवानें विचारून ठेविला आहे. त्याचें उत्तर मात्र आपणांस शोधावें लागेल, आणि तें शोधतांना ज्या झाडास, ज्या जीवास व ज्या माणसास तो विचारावयाचा, तो शिल्लक ठेवावा लागेल.

सदाफुलीचेंच पाहूं. ही वनस्पति मूळची मादागास्कर बेटांतील. गलबतांबरोबर ती सर्व उष्ण देशांत पसरली. वेस्ट इंडीजमधील जमेका बेटांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. आमच्या इकडेही कित्येक घरांत मधुमेहासाठीं हीं पानें चावून खातात. इ. स. १९५२ सालीं जमेकांतून आलेलीं थोडीं पानें कॅनडांतील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठाच्या डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हातीं पडलीं. त्यांनीं उंदरांस अर्क पाजून पाहिला. रक्तांतील साखर जागची हलली नाहीं. दुसरा एकादा तेथेंच थांबला असता व "गांवठी समजूत खोटी" असा शेरा मारून मोकळा झाला असता. परंतु तोच अर्क टोचून दिल्यावर उंदीर थोड्या दिवसांत मरूं लागले, तेव्हां ते कां मरतात हें या गृहस्थांनीं पाहिलें. उंदरांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी अतिशय कमी झाल्या होत्या, आणि रोगजंतूंस आवरण्यास शरीरांत कोणी उरलें नव्हतें. जें द्रव्य पांढऱ्या पेशी इतक्या कमी करतें, तें त्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगावर कां चालूं नये? रसायनज्ञ चार्ल्स बीअर यांच्या साहाय्यानें इ. स. १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य हातीं आलें. त्याचेंच भावंड असें व्हिन्क्रिस्टिन इ. स. १९६३ सालीं अमेरिकेंत औषध म्हणून मान्य झालें. एक ग्रॅमभर औषध मिळविण्यास वाळलेलीं पानें शेंकडों किलो लागतात.

यांत पूर्वजांचा विजय झाला कीं पराजय? आमच्या मतें हा प्रश्नच गैरलागू आहे. काढा पिणाऱ्यांनीं जें सांगितलें तें त्या प्रयोगांत ठरलें नाहीं. जें ठरलें तें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें. तथापि त्यांनीं तें झुडूप औषधी म्हणून वेगळें काढून ठेविलें नसतें, तर तीं पानें कोणी कॅनडास धाडलींच नसतीं. येथें पालकांस एक सूचना करणें अवश्य आहे. ज्या पानांतील द्रव्यानें पांढऱ्या पेशी मरतात व मज्जातंतूंस इजा होते, तीं पानें रोज सकाळीं अनशापोटीं चावणें ही निरुपद्रवी संवय नव्हे. घरांत कोणी तसें करीत असेल तर डॉक्टरांस तें अवश्य सांगावें. लाजूं नये व लपवूं नये.

याच्या उलट प्रकार सर्पगंधेचा. हिचें मूळ निद्रानाश, वेड व सर्पदंश यांवर आमच्या देशांत शतकानुशतकें वापरांत आहे. इ. स. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ती रक्तदाबावर चालते असें लिहिलें. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवर तिचा उपयोग करून, प्रत्येकाचा रक्तदाब आधीं किती व नंतर किती हें मांडून, इ. स. १९४९ सालीं विलायतेंतील हृदयरोगविषयक मासिकांत निबंध प्रसिद्ध केला. तेव्हां कोठें जगाचें तिकडे लक्ष गेलें. इ. स. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें तिच्यांतील रेसर्पीन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें, आणि इ. स. १९५७ सालीं डॉ. वकील यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. येथें जुन्या वैद्यांची दिशा बरोबर होती. परंतु पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. औषध सर्वत्र सुरू झाल्यावर कित्येक रोगी उदास होतात, कांहींचें मन जगण्यावरून उडतें, असें आढळलें. तेव्हां मात्रा कमी करण्यांत आली व हळूहळू दुसऱ्या औषधांनीं तिची जागा घेतली. जें लाभतें तेंच किती घेतल्यावर बाधतें, हें ५० रोग्यांच्या तक्त्यावरून व त्यानंतरच्या हजारोंच्या तक्त्यांवरून कळतें. "आमच्या आजीस गुण आला" या एका वाक्यावरून तें कळत नाहीं. मग ती आजी कितीही सत्यवादी असो.

आतां आमच्या नाशिक विभागांतील एका पुरुषाची गोष्ट सांगतों. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म इ. स. १९२५ सालीं नंदुरबार येथें झाला. त्या वेळीं नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यांत मोडत असे. मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले, इ. स. १९६२ सालीं इंडियाना विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवून नॉर्थ कॅरोलायना येथील रिसर्च ट्रँगल संस्थेंत डॉ. मन्रो वॉल यांच्या हाताखालीं कामास लागले, व तेथेंच त्यांनीं हयात घालविली. या दोघांनीं इ. स. १९६६ सालीं चीन देशांतील एका वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन, आणि इ. स. १९७१ सालीं पॅसिफिक यू नांवाच्या अमेरिकन वृक्षाच्या सालींतून टॅक्सॉल, अशीं दोन द्रव्यें शुद्ध करून त्यांची रचना जगापुढें मांडली. स्तनांच्या, बीजकोशांच्या व आंतड्यांच्या कर्करोगावर आज जे उपचार होतात, त्यांत या दोन द्रव्यांचा व त्यांच्या वंशजांचा वांटा फार मोठा आहे. डॉ. वाणी इ. स. २०२० सालीं ९५ वर्षांचे होऊन वारले. क्रिकेट खेळणाऱ्या कोणत्याही गृहस्थाचें चित्र आमच्या वर्गांच्या भिंतींवर चिकटविलेलें सांपडेल, डॉ. वाणींचें नांव वर्गांत विचारल्यास किती हात वर होतील याची आम्हांस शंका आहे.

त्यांच्या कामाचें वैशिष्ट्य धिमेपणांत आहे. कॅम्प्टोथेसिन सांपडलें इ. स. १९६६ सालीं, आणि त्यापासून केलेलीं पहिलीं दोन औषधें अमेरिकेंत मान्य झालीं इ. स. १९९६ सालीं. मध्यें तीस वर्षें गेलीं. द्रव्य पाण्यांत विरघळेना. विरघळावें म्हणून त्याचा क्षार केला, तर रोग्यांच्या मूत्राशयास भयंकर इजा होऊं लागली, आणि प्रयोग बंद करावे लागले. पुढें इ. स. १९८५ सालीं त्याची करामत कळली. पेशीच्या अंतरंगांतील डी. एन. ए. चें सूत दोरासारखें पीळ घातलेलें असतें. नक्कल होतांना तो पीळ सोडवावा लागतो. त्यासाठीं सूत क्षणभर कापून पुन्हां जोडणारें एक प्रथिन पेशींत असतें, आणि हें द्रव्य कापलेल्या सुताशींच त्या प्रथिनास अडकवून ठेवतें. झपाट्यानें वाढणारी पेशी तेथेंच मरते. एवढें कळल्यावर रसायनज्ञांनीं रचनेंत थोडा फरक करून विरघळणारीं व सोसवणारीं औषधें तयार केलीं. झाड तेंच, द्रव्य मूळचें तेंच; पण एका टोंकास विष व दुसऱ्या टोंकास औषध, आणि मधलें अंतर तीस वर्षांच्या कष्टांचें.

या कथेचा दुसरा भाग सह्याद्रींत घडला, आणि तो आम्हांस अधिक बोंचतो. मुंबईस गोरेगांव येथें सिबा कंपनीचें संशोधन केंद्र होतें. तेथें डॉ. गोविंदाचारी व विश्वनाथन यांनीं इ. स. १९७२ सालीं असें दाखविलें कीं, आमच्या घाटांत उगवणाऱ्या एका लहानशा झाडांत कॅम्प्टोथेसिन चिनी वृक्षापेक्षां कितीतरी अधिक प्रमाणांत आहे. हें झाड म्हणजे नरक्या. त्याच्या फुलांस इतकी दुर्गंधी येते कीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्याच्या जुन्या लॅटिन नांवांतही दुर्गंधीच घातली होती. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या बाजूंच्या दाट रानांत तें वाढतें. सरपणापलीकडे त्यास कोणी विचारीत नसे. परदेशांत औषधाची मागणी वाढतांच दलाल आले, कुऱ्हाडी आल्या. झाडें बुंध्यापासून व मुळापासून तोडून, त्यांचे तुकडे करून, पोत्यांत भरून गाड्या जाऊं लागल्या. वन खात्यानें चोरीचा माल पुष्कळ वेळां पकडला. तोडणाऱ्या गांवकऱ्यास किलोमागें जे थोडे रुपये मिळाले असतील त्यांवरून, आपण काय विकीत आहों याची त्यास कल्पनाही नसावी. ज्या झाडाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतें तें प्रसिद्ध झाल्यामुळेंच संकटांत आलें, ही गोष्ट विज्ञानाची स्तुति करतांना आमच्यासारख्या शिक्षकांनीं लपवूं नये.

टॅक्सॉलच्या बाबतींत अमेरिकेंतही हाच पेंच पडला होता. साल सोलली कीं यू वृक्ष मरतो, आणि तो वाढतो फार सावकाश. पण तेथें लोकांनीं आरडाओरड केली, आणि फ्रान्समधील रसायनज्ञांनीं युरोपांतील यूच्या पानांतून एक जवळचें द्रव्य काढून त्यापासून औषध बनविण्याची रीत शोधली. पानें तोडलीं तर पुन्हां फुटतात. नरक्यासाठीं असा मार्ग शोधण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहींत असें नव्हे. जम्मूच्या प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं इ. स. २००५ सालीं नरक्याच्या आंत राहणारी एक बुरशी शोधली. ती बुरशी स्वतःच थोडें कॅम्प्टोथेसिन बनवीत होती. तोडल्यावर नव्हे, तर कुंडींत वाढवून औषध मिळावें, या दिशेचें हें पाऊल होय.

आणि येथूनच आम्हांस डोंगर सोडून समुद्राकडे जावयाचें आहे. नाशिकच्या मुलांस समुद्र परका. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सुमारें ८० किलोमीटरांवर; परंतु आमची गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळते, आणि आमचें लक्षही तिच्याबरोबर पूर्वेसच जातें. म्हणून स्पंज म्हटला कीं आमच्या मुलांस फक्त पाटी पुसण्याचा तुकडा आठवतो, आणि तोही हल्लीं कारखान्यांतला असतो. खरा स्पंज हा प्राणी आहे. तो खडकास चिकटून जन्म काढतो. त्यास पळतां येत नाहीं, दांत नाहींत, नांगी नाहीं, कवच नाहीं. अंगावरील बारीक भोकांतून पाणी आंत घ्यावें, त्यांतील अन्नकण गाळून घ्यावे व पाणी बाहेर सोडावें, हा त्याचा दिनक्रम. अशा निःशस्त्र जीवास मासे खाऊन कां टाकीत नाहींत? कारण त्याच्या अंगीं कडू व विषारी द्रव्यें असतात. सदाफुलीस बकरी तोंड लावीत नाहीं, त्याचें कारणही हेंच. जो जागचा हलूं शकत नाहीं तो रसायनशास्त्राच्या आश्रयास जातो.

युरोपांत जाळलेल्या स्पंजाची राख गळ्याच्या गांठीवर, म्हणजे गलगंडावर, देण्याची जुनी रीत होती. त्या राखेंत आयोडीन आहे हें पुढें कळलें, आणि इ. स. १८२० सालीं जिनिव्हाच्या डॉ. क्वांदे यांनीं राखेऐवजीं आयोडीनच देण्यास आरंभ केला. आजचें आयोडीनयुक्त मीठ त्याच वाटेवरचें. परंतु स्पंजाच्या अंगचीं खरीं नवलें अलीकडचीं आहेत. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळील एका स्पंजांत वर्नर बर्गमान यांस विचित्र द्रव्यें सांपडलीं, व इ. स. १९५१ च्या सुमारास त्यांनीं तीं प्रसिद्ध केलीं. डी. एन. ए. च्या घटकांसारखींच तीं होतीं. मात्र त्यांतील साखर निराळी होती. खोट्या नाण्याप्रमाणें हा घटक पेशी खरा समजून घेईल व तिची नक्कल अडेल, या कल्पनेवरून रसायनज्ञांनीं सायटाराबिन तयार केलें. इ. स. १९६९ सालीं तें अमेरिकेंत मान्य झालें, आणि आजही रक्ताच्या कर्करोगावर तें देतात. डोंगरांतली सदाफुली व समुद्रांतला स्पंज अशा रीतीनें एकाच बालकाच्या खाटेशीं भेटतात.

दुसरें उदाहरण जपानचें. तेथील ६०० किलो स्पंजांतून हॅलिकॉन्ड्रिन बी नांवाचें द्रव्य निघालें अवघें १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कमी. समुद्र खरवडून असें औषध लोकांस कधींच पुरणार नाहीं हें उघड होतें. तेव्हां हार्वर्ड विद्यापीठांतील प्रोफेसर किशी यांनीं इ. स. १९९२ सालीं तें द्रव्य प्रयोगशाळेंत जोडून दाखविलें. त्याच्या रचनेचा जेवढा भाग गुणकारी तेवढाच ठेवून एरिब्युलिन हें औषध तयार झालें, व इ. स. २०१० सालीं स्तनांच्या कर्करोगासाठीं तें अमेरिकेंत मान्य झालें. आणखी एक गमतीची गोष्ट अशी कीं, स्पंजाचीं म्हणून जीं द्रव्यें आपण ओळखतों, त्यांतील पुष्कळ त्याच्या अंगांत राहणारे सूक्ष्म जंतु बनवितात. नरक्यांतील बुरशीचीच ही बहीण म्हणावयाची. गोव्यांत दोना पावला येथें इ. स. १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आमच्या किनाऱ्यावरील स्पंज, प्रवाळ व जंतु यांच्या द्रव्यांचा अभ्यास तेथें होतो. शाळेची सहल दरवर्षीं गोव्याच्या देवळांकडे व किल्ल्यांकडे जाते. एकाद्या वर्षीं ती या संस्थेच्या दारावरूनही जावी, असें आम्ही चालकांस सुचवितों.

आतां घराकडे वळूं. भाद्रपदांत इगतपुरी व त्र्यंबकच्या बाजूस कुंपणांवर लालपिवळ्या ज्वाळांसारखीं फुलें दिसतात. ती कळलावी. तिच्या कंदांत कॉल्चिसिन हें द्रव्य असतें. ठराविक सूक्ष्म मात्रेंत तें संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे, आणि कंदाच्या रूपानें तें माणसाचा प्राण घेतें. विद्यार्थ्यांनीं तें फूल पाहावें, त्याचें चित्र काढावें; कंद उकरूं नये व चाखूं नये. "वनस्पति आहे, अपाय कसला?" असें म्हणणाऱ्यास कळलावी हें पुरेसें उत्तर आहे. उलट, अडुळशास हंसणाऱ्यास हें सांगावें कीं, खोकल्यावरील ब्रोमहेक्झिन हें कारखान्यांतील औषध अडुळशांतल्याच एका द्रव्यावरून बनविलेलें आहे. आमच्या शहरांत इ. स. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, व त्याच्या छत्राखालीं आधुनिक वैद्यकाचीं व आयुर्वेदाचींही महाविद्यालयें आहेत. तीं एकाच विद्यापीठाचीं असूनही त्यांतील विद्यार्थी एकमेकांच्या शास्त्राची टवाळी करतात, याचा आम्हांस विषाद वाटतो.

पूर्वजांच्या अभिमानाविषयीं एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, नुसता अभिमान न्यायासनापुढें चालत नाहीं. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर इ. स. १९९५ सालीं अमेरिकेंत पेटंट दिलें गेलें. तेव्हां मूळचे गोव्याच्या माशेल गांवचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें तें लढविलें, आणि इ. स. १९९७ सालीं तें रद्द झालें. लढाई जिंकली ती जुन्या ग्रंथांच्या व छापील निबंधांच्या बळावर. हळदीचें लिहिलेलें होतें म्हणून ती वांचली. पेठ व सुरगाण्याच्या कोकणा, वारली व महादेव कोळी वैदूंस जें ठाऊक आहे त्यांतील पुष्कळ कोठेंच लिहिलेलें नाहीं. तें एका म्हाताऱ्याबरोबर जातें. इ. स. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक गांवाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. तिचीं पानें भरण्यास लिहितीं वाचतीं मुलें हवीं आहेत, आणि आमच्या वसतिगृहांत त्याच गांवांचीं मुलें राहतात.

आम्ही असें सुचवितों कीं, दिवाळीच्या सुटींत घरीं जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एक वही न्यावी. आजोबांस किंवा आजीस विचारून एकाच वनस्पतीविषयीं लिहावें: तिचें घरगुती नांव, कोणता भाग घेतात, कोणत्या ऋतूंत, कशावर, किती, कोणास देत नाहींत, व देऊन गुण न आल्याचें कधीं पाहिलें काय. शेवटचा प्रश्न गाळूं नये. गुण न आल्याच्या नोंदी सहसा कोणी ठेवीत नाहीं. सांगणाऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें घालावें, आणि वहीची एक प्रत त्याच्याच घरीं ठेवावी.

आमच्या एका सहकाऱ्यांनीं यावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, "तुम्ही लिहून ठेवाल, आणि उद्यां तीच वही घेऊन दलाल कुऱ्हाड चालवील. नरक्याचें काय झालें?" हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो, व त्यास पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाहीं. म्हणून वहींत एक रकाना आम्हीं मुद्दाम कमी केला आहे. वनस्पति कोणत्या डोंगरावर, कोणत्या ओढ्याकांठीं सांपडते, हें मुलांनीं शाळेच्या वहींत लिहूं नये. तें गांवच्या नोंदवहींत, ग्रामसभेच्या ताब्यांत राहावें, आणि कोणास दाखवावयाचें तें त्या गांवानें ठरवावें.